मी दिलेली साक्ष

मी बरी झाले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पण माझ्या बरं होण्याची गोष्ट सांगताना हसनाबादच्या मार्थामावशींना वगळलं, तर ती गोष्ट पुन्हा खोटी होईल. एकदा मी ती खोटी सांगितली आहे, तीही देवळात, वेदीसमोर उभी राहून. म्हणून या वेळी काही गाळत नाही.

माझं नाव रूथ. वय सेहेचाळीस. जालन्यात मस्तगडला आमचं घर. खाली माझ्या मिस्टरांचं, प्रभाकरांचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी मुलींचा शिवणक्लास घेते. आम्हाला मूल नाही. क्लासच्या मुली आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं गाणं, एवढाच माझा पसारा होता.

निदानाचा दिवस

खोकला सुरू झाला तेव्हा मी दोष कापडाच्या बारीक तुसाला दिला. महिना झाला, ब्लाउज सैल व्हायला लागले, संध्याकाळी अंगात कणकण. स्वतःच्या मापाचे ब्लाउज मीच आत घेत होते आणि तरी मनाला लावून घेत नव्हते. शेवटी प्रभाकरांनी दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं आणि मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

थुंकी दोनदा तपासली. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं आत बोलावलं. म्हणाली, "ताई, टीबी आहे. घाबरू नका, बरा होतो. सहा महिने गोळ्या. एक दिवस बी चुकवायचा न्हाई."

लोकांना अशा वेळी काय आठवतं कोण जाणे. मी पहिल्यांदा मागं वळून पाहिलं, रांगेत आपल्या मंडळीतलं कुणी उभं तर नाही ना. कुणी नव्हतं. तेव्हा कुठं मला रडू आलं.

कार्डावर एक रकाना असतो, रुग्णाला औषध कोण देणार त्याचा. प्रभाकर सातवी शिकलेले. त्यांनी तिथं स्वतःचं नाव सावकाश, शाळेत पाटीवर लिहावं तसं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता नाश्ता झाला की ते उजव्या हातात पाण्याचा ग्लास आणि डाव्या तळहातावर गोळ्या घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे.

"अहो, गिऱ्हाईक थांबलं असेल खाली."

"थांबू दे. गिळ आधी."

शेवटचा बाक

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी लाल व्हायची. गुडघे असे धरायचे की मशीनचं पायडल मारवेना. पण त्याहून जास्त मला लागला तो शेवटचा बाक.

वीस वर्षं मी गायनमंडळात पुढच्या रांगेत उभी राहिले होते. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी उपासनेला जायला हरकत नाही म्हटलं, तरी मंडळीतल्या एका बाईनं गोड बोलून मला सांगितलं, "थोडे दिवस मागं बस ना, रूथ." मी मागं बसले. माझ्या बाजूला जागा रिकामी राहायची. उपासनेत एकमेकांना शांतीचा सलाम देताना लोक लांबूनच हात जोडायचे. मी प्रार्थना करायची, आणि ती खोटी नव्हती. त्या दिवसांत मला देवाचा जेवढा आधार वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. पण त्याच प्रार्थनेत मी हेही मागत होते की, प्रभू, मला असं उठव की ह्या सगळ्यांनी बघत राहावं.

चौथ्या महिन्यात शहरात तीन दिवसांच्या उपास-प्रार्थना झाल्या. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हुंदके देऊन रडले. अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं हलकं वाटलं. त्याच आठवड्यात थुंकीचा रिपोर्ट साफ आला.

त्या उपदेशकांनी गोळ्या सोडा असं कधीच म्हटलं नाही. उलट डॉक्टरांचं ऐका म्हणाले. सोडायचं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी प्रभाकर ग्लास घेऊन उभे राहिले. मी गोळ्या तोंडात टाकल्या, गालात धरल्या, वर पाणी प्याले, आणि भांडं विसळायचं निमित्त करून मोरीत थुंकल्या. पाणी ओतलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. आठवडाभरात मला त्याची इतकी सवय झाली की गोळ्या थुंकून मी गाणं गुणगुणत बाहेर यायची. आणि प्रभाकर कार्डावर बरोबरची खूण करून खाली जायचे.

साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्यामुळे खेड्यापाड्यांतली माणसंही एसटीनं येतात. त्या रविवारी मी साक्ष दिली. मळमळ थांबली होती, भूक लागत होती, आवाज परत आला होता. निळ्या काठाची पांढरी साडी नेसून मी पुढं गेले.

मी म्हणाले, "मला क्षयरोग झाला होता. मी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि प्रभूच्या पायाशी बसले. आज माझा रिपोर्ट साफ आहे."

तीन वाक्यं. वेगवेगळी पाहिली तर त्यातलं एकही पूर्ण खोटं नव्हतं. साडेतीन महिने मी गोळ्या खाल्ल्या होत्या आणि रिपोर्ट त्यानंतर साफ आला होता, एवढंच मी सांगितलं नाही. प्रभाकर पुरुषांच्या बाजूला बसले होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "तू गोळ्या बाजूला ठेवल्या असं काय बोलली?" मी म्हटलं, "अहो, बोलण्याची रीत असते ती. मनानं बाजूला ठेवल्या." माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती.

पण घरी येण्याआधी, देवळाच्या पायऱ्यांवर, मार्थामावशी मला भेटल्या. साठीच्या, विधवा. हसनाबादला शेळ्या पाळायच्या. मुलगा कामासाठी बाहेरगावी, घरी सून लता. वाचता येत नव्हतं, पण सगळी गीतं पाठ. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. कित्येक महिन्यांनी मंडळीतल्या कुणी माझे हात धरले होते.

"सलाम बाई. मला बी तेच झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "दोन महिने झाले गोळ्या खाऊन राह्यले. खाल्ली की उलटी. भाकर पोटात ठरत न्हाई. तुमी खरंच सोडल्या? बिलकुल?"

"हो मावशी. बिलकुल."

"मंग मला बी जमंल का?"

मी थोडं थांबायला हवं होतं. आजूबाजूच्या बाया ऐकत होत्या. मी म्हणाले, "विश्वास असला की जमतं, मावशी."

त्यांनी माझे हात कपाळाला लावले आणि एसटी गाठायला जल्दी जल्दी पायऱ्या उतरल्या.

परत

पाच महिने मी पुढच्या रांगेत गायले. मग खोकला परत आला. या वेळी मी तुसाला दोष दिला नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. तोंडावर पदर घेऊन मुलींना काज-बटण शिकवत राहिले. ज्या दिवशी मशीनवर मांडलेल्या पिवळ्या कापडावर रक्ताचे शिंतोडे उडाले, त्या दिवशी क्लासमधल्या रुखसानानं खाली जाऊन प्रभाकरांना बोलावून आणलं.

या वेळी थुंकी वेगळ्या मशीनवर तपासली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. म्हणाले, "हा साध्या गोळ्यांना दाद देत नाही. मागच्या वेळी कोर्स पूर्ण केला होता का?"

मी बोलायच्या आत प्रभाकर म्हणाले, "पूर्ण केला साहेब. मी स्वतः रोज दिल्या. एक दिवस खाडा न्हाई. हे बघा कार्ड."

त्यांनी शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. सगळ्या खुणा ओळीनं. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं.

बाहेर लाकडी बाकावर बसल्यावर मी सांगितलं. मोरीबद्दल, गालात धरण्याबद्दल, सगळं. प्रभाकर समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "रोज?"

"रोज."

"मी तुझ्यासमोर ग्लास घेऊन उभा राह्यचो रूथ."

एवढंच. ते उठले, चहा घेऊन आले, माझ्या हातात कप दिला. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. रागावले असते, ओरडले असते तर मला सोसलं असतं.

आणखी एक हिशेब होता. क्लासच्या पाचही मुलींची तपासणी करावी लागली. रुखसानाची आई दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "बाई, पोरगी तुमच्या भरोशावर पाठवली होती मी." मी खाली मान घालून ऐकलं. पाचही जणी सुटल्या. तो निरोप आला तेव्हा मी देवाचे आभार मानायला गेले आणि शब्द तोंडातून निघेनात. कोणत्या तोंडानं मानणार होते?

वॉर्ड

सुरुवातीला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं. वॉर्डचे दिवस सारखेच असतात. सकाळी फिनाइलचा वास, मग वजन, मग गोळ्या. या वेळी गोळ्या सिस्टरच्या हातून घ्यायच्या आणि गिळल्यावर जीभ उचलून दाखवायची. पहिल्या दिवशी तिनं "तोंड उघडा" म्हटलं तेव्हा मला आत तिच्या बॅटरीच्या उजेडात माझा सगळा खोटेपणा दिसतोय असं वाटलं. नव्या गोळ्यांनी कातडी काळवंडली. तळपायांना मुंग्या यायच्या आणि मग ते बधिर व्हायचे. प्रभाकर दर दोन दिवसांनी जालन्याहून यायचे, मास्क लावून खिडकीपाशी बसायचे, डबा उघडून द्यायचे.

मंडळीची उपासना चालवणारे आमचे पाळकही एकदा आले. निघताना सहज म्हणाले, "हसनाबादच्या मार्थाबाईंसाठी पण प्रार्थना करा. फार बिघडलंय त्यांचं. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या म्हणे. का सोडल्या काय माहीत."

मी "हो" म्हणाले. माझ्याकडे त्यांना सांगायला कारण होतं आणि मी नुसतं "हो" म्हणाले.

त्यानंतर माझी प्रार्थनाच बंद पडली. डोळे मिटले की मावशींचे खरखरीत हात दिसायचे. पवित्र शास्त्र उशाशी असायचं, उघडायची नाही. शेजारच्या खाटेवर भोकरदनकडच्या सुमनबाई होत्या, बौद्ध, मोकळ्या बोलायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "ताई, पहिल्या दिवशी किती वाचत होत्या तुमी. आता पुस्तक उशाला नुस्तंच. देव रागावलाय का तुमच्यावर?"

"नाही हो," मी म्हटलं. "मीच त्याला तोंड दाखवत नाही."

"का बरं? त्याला म्हाईत नसंल का?"

त्यांनी सहज विचारलं आणि पेज प्यायला लागल्या. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना. त्याला माहीत होतंच. मोरीत पाणी ओतत होते तेव्हाही माहीत होतं. मग मी लपवत होते ते कुणापासून? त्या दुपारी मी पहिल्यांदा काही न मागता प्रार्थना केली. बरं कर म्हटलं नाही. काय काय केलं ते फक्त ओळीनं सांगितलं, डॉक्टरांना लक्षणं सांगावीत तसं. कुठलाही चमत्कार झाला नाही. फक्त बऱ्याच दिवसांनी जेवण चवीला लागलं.

पाळक

पुढच्या भेटीत मी पाळकांना सगळं सांगितलं. ते वयानं माझ्याहून लहान आहेत. खिडकीच्या पलीकडे स्टुलावर बसून त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता क्षमेचं वचन वाचून दाखवतील आणि डोक्यावरून ओझं उतरेल.

ते म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं होतं. मी विचारायला पाहिजे होतं, डॉक्टर काय म्हणतात म्हणून. न्हाई विचारलं. साक्ष चांगली रंगली होती."

मग म्हणाले, "देवाची क्षमा तुम्हाला आहे. ते मी आत्ता सांगू शकतो. पण मार्थाबाईंची माझ्याजवळ न्हाई. ती त्यांच्याकडंच मागावी लागंल."

हसनाबाद

घरी सोडल्यावर दीड महिन्यानं, थुंकी साफ आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच आम्ही निघालो. प्रभाकरांनी स्कूटर न घेता कुणाची तरी मोटरसायकल मागून आणली होती, रस्ता लांबचा म्हणून. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तू बोल. मी मधे बोलणार न्हाई."

मावशींची खाट अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत होती. मी ओळखलं नाही आधी. हाडांवर कातडं. लतानं आम्हाला लांब खुर्च्या टाकून दिल्या आणि शेळ्यांना पाला टाकत तिथंच उभी राहिली.

"सलाम मावशी."

"सलाम. कोन? रूथबाई? तुमी तर काळ्या पडल्या."

मी मास्कमधूनच सांगायला लागले. साडेतीन महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. रिपोर्ट त्यानं साफ आला होता. मी ते लपवलं. तुम्ही पायऱ्यांवर विचारलं तेव्हाही लपवलं. बोलताना मला धाप लागत होती. मावशी मधेमधे खोकत होत्या.

लताचा हात थांबला. "म्हंजी तुमी गोळ्या खाल्ल्या व्हत्या?"

"हो."

"आन् आमच्या म्हातारीला सोडायला लावल्या?"

लता पाल्याची पेंढी तिथंच टाकून घरात निघून गेली.

मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्या गोळ्या नकोच व्हत्या बाई. उलट्यांनी जीव गेल्ता माझा. कुनीतरी सोड म्हनावं आसं वाटून राह्यलं व्हतं. तुमी म्हनल्या. मंग मी सोडल्या. माझ्या हातानं."

"मावशी, पण मी म्हटलं नसतं तर..."

"तर खाल्ल्या आसत्या. ते बी खरंच हाय." त्यांनी श्वास घेतला. "दोन्ही खरं हाय. मी काय खोटं बोलू, तुमचं काईच चुकलं न्हाई म्हनून? चुकलं तुमचं."

"हो."

"माफ मी केलं. करावंच लागतंय, मला बी लई जल्दी वर हिशोब द्यायचाय. पन एक करा. तितं देवळात किती लोक व्हते त्या दिवशी. आनखी कुनी सोडल्या आसतील तर? जितं बोलल्या, तितंच बोला."

दुसऱ्यांदा

मी लगेच बोलले नाही. हेही लिहायला हवं. एक पहिला रविवार मी तब्येतीचं कारण सांगून घरी बसले. प्रभाकर एकटेच उपासनेला गेले, आले, जेवले. दुपारी म्हणाले, "मार्थामावशी वाट पाहून राह्यली असंल."

पुढच्या पहिल्या रविवारी मी गेले. पाय बधिर होते, म्हणून प्रभाकर वेदीपर्यंत माझा दंड धरून आले आणि या वेळी खाली बसायला गेले नाहीत, शेजारी उभे राहिले. मी सगळं सांगितलं. गालात गोळ्या धरण्याचंही. मार्थामावशींचं नाव त्यांच्या परवानगीनं घेतलं. शेवटी म्हणाले, "प्रभूनं मला त्या गोळ्यांमधूनच बरं करायला घेतलं होतं. मी त्या थुंकल्या. कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर उद्या सकाळी परत सुरू करा."

कुणी आमेन म्हटलं नाही. पंख्यांचा आवाज येत होता. एक वडीलधारे काका उठून म्हणाले, "बाई, असल्या बोलण्यानं प्रभूचं नाव खाली जातं."

पाळक म्हणाले, "खोट्यानं जास्त जातं काका. बसा."

बाहेर चपला घालताना एक गृहस्थ माझ्याजवळ आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या बीपीच्या गोळ्या बंद हायेत तवापून. उद्या घेतो." आणि चालू लागले. म्हणजे मावशींनी बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हसनाबादला फोन लावला. मावशींनी धापा टाकत विचारलं, "काय म्हनले लोक?"

"काहीच म्हणाले नाहीत मावशी."

"मंग खरं बोलल्या म्हनायच्या."

त्यांचं हसणं खोकल्यात गेलं. ते मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं. पाच आठवड्यांनी त्या गेल्या. औषध परत सुरू केलं होतं, पण फुप्फुसांत काही उरलं नव्हतं.

लता

गावाबाहेर माती देताना मी सगळ्यांच्या मागं उभी होते. गीत सुरू झालं. मावशींना पाठ असलेलंच होतं. माझा आवाज लागत होता, तरी मी गायले नाही. मला तो हक्क वाटला नाही.

परतताना लता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्याबाईनं तुमाला माफ केलं. मी न्हाई केलं."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी पाळकांकडून कळलं, लतालाही टीबी निघाला. सासूची सेवा करताना लागला. साधाच, सहा महिन्यांत बरा होणारा. पण नवरा बाहेरगावी, घरात एकटी, आणि गोळ्यांनी तिलाही उलट्या. गावची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका, रोज येऊ शकत नव्हती. मी दोन दिवस विचार केला आणि फोन लावला. म्हटलं, रोज सकाळी आठला मी फोन करते, माझ्याशी बोलता बोलता गोळ्या घ्यायच्या.

"तुमी कशाला?"

"चुकवायच्या कशा ते मला माहीत आहे म्हणून. कुठं धरायच्या, कुठं थुंकायच्या, सगळं. मला फसवता येणार नाही."

पलीकडे बराच वेळ शेळ्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "करा मंग. पन दुसरं काई बोलू नका."

तेव्हापासून मी रोज आठला फोन करते. गोळ्या गिळल्याचा, पाण्याचा आवाज येतो. ती "घेतल्या" म्हणते आणि फोन ठेवते. नाश्ता आणि गोळ्या यांत थोडं अंतर ठेव, आल्याचा तुकडा चघळ, अशा दोन-तीन गोष्टी मी मधल्या काळात सांगितल्या. तिनं त्या ऐकल्या की नाही माहीत नाही. उलट्या थांबल्या, एवढं आशाताईनं सांगितलं.

लोक विचारतात, एवढं होऊन विश्वास कसा टिकला. खरं सांगायचं तर पूर्वीसारखा टिकला नाही. पूर्वी मला वाटायचं, विश्वास म्हणजे देवाकडून काहीतरी मिळवायची ताकद. आता तो एवढाच उरलाय की, जे मी केलं ते त्याला माहीत आहे आणि तरी सकाळी तो मला उठवतो, फोन करायला. औषध खाणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. प्रार्थना करा, खूप करा, पण गोळी गिळून करा. आणि गोळी देणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नका. प्रभाकर आता पूर्वीसारखे बोलतात, चेष्टाही करतात. पण अजूनही मी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला की त्यांची नजर क्षणभर माझ्या गालाकडे जाते. त्यांना कळतही नसेल. मला कळतं.

मागच्या महिन्यात माझी शेवटची तपासणी होती. एक्सरेसाठी आत गेले तेव्हा आठ वाजून गेले, फोन प्रभाकरांच्या खिशात, तेही खाली कागदांच्या रांगेत. बाहेर आले तेव्हा हसनाबादहून चार मिस्ड कॉल होते. मी घाईनं लावला.

"घेतल्या," लता म्हणाली. आणि फोन ठेवला नाही. "आज फोन का न्हाई केला?"

"एक्सरेला आत गेले होते."

"काय निघालं?"

"साफ आहे."

मी रिपोर्टची घडी घातली.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आत्याबाईचा बी साफ निघाला आसता," आणि फोन ठेवला.

मी त्या दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट मांडीवर घेऊन बसले. प्रभाकर आले, त्यांनी रिपोर्ट वाचला, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, "आता मंडळीत साक्ष देणार का?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी हसनाबादला फोन लावला.